व्हायोलिनचा पहिला गज कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हायोलिन घेताना सगळं लक्ष व्हायोलिनकडे असतं. पेटीत जो गज येईल तो चालवून घेतला जातो. मग सहा महिने आवाज खरखरतो, मधेच थरथरतो, आणि शिकणारा दोष स्वतःच्या हाताला देतो. पुष्कळदा दोष हाताचा नसतोच, काठी वाकडी असते किंवा केस निकामी झालेले असतात. म्हणून नवशिक्यांनी आणि त्यांच्या पालकांनी नेहमी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. काही शिक्षक ‘गज’ म्हणतात, काही ‘बो’. वस्तू एकच.

गजाचे कोणते भाग माहीत असायला हवेत?

लांब लाकडी किंवा कार्बनची काठी, तिच्या पुढच्या टोकाला चोचीसारखं डोकं, हाताकडच्या बाजूला मागेपुढे सरकणारा फ्रॉग आणि काठीच्या शेवटी फिरवायचा स्क्रू. डोक्यापासून फ्रॉगपर्यंत घोड्याच्या शेपटीचे साधारण 150 ते 200 केस पट्टीसारखे सपाट ताणलेले असतात. फ्रॉगच्या तोंडाशी एक धातूची कडी असते, ती ही पट्टी पसरून धरते. फ्रॉगच्या पुढे काठीवर चामड्याची पट्टी आणि तारेची गुंडाळी असते. अंगठा आणि तर्जनी त्या भागात येतात, आणि या आवरणामुळे काठी झिजत नाही.

फ्रॉगच्या पोटात पितळेची छोटी नट असते आणि स्क्रू तिच्यात फिरतो. स्वस्त गजांत सगळ्यात आधी हिचेच आटे झिजतात.

व्हायोलिनसोबत आलेला गज पुरेसा नाही का?

कधी कधी असतो. पण स्वस्त संचात पैसा वाचवायची पहिली जागा गज हीच असते. पुढे दिलेल्या तपासणीत तो उतरला तर बदलू नका. नापास झाला, तर व्हायोलिन बदलायच्या आधी गज बदला. त्याच व्हायोलिनचा आवाज किती मोकळा होतो हे पहिल्याच दिवशी कळतं.

माप कसं ठरवायचं?

व्हायोलिनचं जे माप तेच गजाचं. पूर्ण मापाच्या, म्हणजे 4/4 व्हायोलिनचा गज साधारण 74 ते 75 सेंमी लांब असतो. 3/4 चा 68-69 सेंमी आणि 1/2 चा 62 सेंमीच्या आसपास. ‘मूल वाढेल, मोठाच घेऊ’ हा विचार चपलांच्या बाबतीत ठीक आहे, इथे नाही. हात पुरत नसेल तर टोकापर्यंत गज ओढताना मनगट वाकडं होतं आणि गज तारेवर तिरका जायला लागतो. ती सवय मोडायला पुढे वर्षं जातात. उलट, हात आखूड असलेल्या प्रौढाने 4/4 व्हायोलिनवर 3/4 चा गज वापरला तर त्यात काही चूक नाही.

वजन किती असावं?

पूर्ण मापाच्या गजाचं वजन 58 ते 62 ग्रॅम असतं, 60 हा मधला आकडा. दागिन्यांच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजता येतं.

पण हातात गज जड लागतो की हलका, हे एकट्या वजनावर ठरत नाही, ते तोलावर ठरतं. केस ताणून गज आडवा एका बोटावर ठेवा आणि कुठे तोलला जातो ते बघा. फ्रॉगकडच्या काठीच्या टोकापासून (स्क्रूचं बटण सोडून) ही जागा साधारण 24 ते 26 सेंमीवर यायला हवी. ती त्याहून पुढे गेली तर टोक जड आहे. असा गज 59 ग्रॅमचा असला तरी दहा मिनिटांत करंगळी दुखायला लागते, कारण टोक वर उचलून धरायचं काम करंगळीचं असतं. फार मागे आली, तर टोकाकडे आवाज पातळ पडतो आणि नवशिक्या तिथे दाबायला लागतो.

लाकडाचा घ्यावा की कार्बन फायबरचा?

पर्याय साधारण चार. फायबरग्लास सगळ्यात स्वस्त आणि दणकट, लहान मुलांच्या वर्गात चालून जातो, पण काठी जड आणि मंद वाटते. ‘ब्राझीलवुड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या लाकडी काठ्या नवशिक्यांच्या दुकानात सर्वांत जास्त दिसतात. त्यांत एका काठीसारखी दुसरी नसते, एकाच खोक्यातल्या पाच गजांत एक उत्तम आणि दोन टाकाऊ निघू शकतात. कार्बन फायबरच्या काठीत हा फरक बराच कमी असतो. चौथा पर्याय पर्नांबुकोचा, त्याबद्दल पुढे.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्या नवशिक्याला आमचा सल्ला सरळ आहे: चांगला कार्बन फायबर घ्या. दमट हवेत तो वाकत नाही, उन्हात बाक सोडत नाही, लोकलच्या गर्दीत लाकडापेक्षा जास्त सहन करतो. लाकडाला बाक दिलेला असतो तो उष्णतेने. त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली काठी त्याच उष्णतेने बाक हरवू शकते.

लाकडाचा आवाज अधिक ऊबदार असतो असं म्हणतात, आणि चांगल्या लाकडाच्या बाबतीत ते खरंही आहे. पण त्याच किमतीत समोर एक सुमार लाकडी गज आणि एक बरा कार्बनचा गज असेल, तर कार्बनचाच बहुधा जास्त सरळ आणि विश्वासू निघतो. एक खबरदारी घ्या. काही स्वस्त गजांवर कार्बनच्या विणीचा नुसता वरचा थर असतो, आत फायबरग्लास असतं. वीण दिसली म्हणून समजूत करून घेऊ नका, वाजवून बघा.

पर्नांबुको म्हणजे काय? ते इतकं महाग का?

ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलातलं हे झाड. याच्या लालसर लाकडापासून रंग काढत, आणि ब्राझील देशाचं नावही या झाडावरून पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रांस्वा झाव्हिये तूर्त या कारागिराने आज आपण वापरतो त्या आतल्या बाजूला वाकलेल्या गजाचा घाट पक्का केला, आणि त्यासाठी हे लाकूड सर्वोत्तम ठरलं: दाट, ताठ, तरी लवचीक. बेसुमार तोडीमुळे झाड दुर्मीळ झालं आणि 2007 मध्ये त्याचा समावेश साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात झाला. तेव्हापासून या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

पहिल्या गजासाठी पर्नांबुकोच्या मागे लागू नका. त्याचे बारकावे ऐकू यायला हात आणि कान दोन्ही तयार व्हावे लागतात. दुकानदार अगदी कमी किमतीत ‘पर्नांबुको’ देत असेल, तर ते बहुतेक दुसरंच लाकूड आहे.

दुकानात गज कसा तपासायचा?

घाई करू नका. एका गजाला दहा मिनिटं तरी द्या, आणि शक्य असेल तर चार-पाच गज शेजारी ठेवून बघा. स्वतःची व्हायोलिन सोबत न्या.

आधी केस सैल असताना गज आडवा धरून बाजूने बघा. काठीचा बाक केसांकडे झुकलेला आणि गुळगुळीत हवा, कुठे अचानक मोडल्यासारखा कोपरा नको. पूर्ण सैल केल्यावर मधल्या भागात काठी केसांना जवळजवळ टेकते. टेकायच्या ऐवजी बोटभर अंतर राहत असेल, तर एकतर बाक गेलाय किंवा केस आखूड बसवलेत.

आता केस वाजवण्याइतके ताणा. फ्रॉग डोळ्याजवळ आणा, एक डोळा मिटा आणि बंदुकीचा नेम धरतात तसं काठीवरून टोकाकडे बघा. ओळ सरळ दिसली पाहिजे. टोकाशी अगदी किंचित कल असेल तर चालतं, पण मधेच एका बाजूला पोक काढलेली काठी घेऊ नका. तशीच सैल अवस्थेतही बघा. सैल असताना सरळ आणि ताणल्यावर वाकडी होणारी काठी एका बाजूने कमजोर असते, किंवा केस एका बाजूला जास्त ताणलेले असतात. दुसरं कारण असेल तर केस बदलून दुरुस्ती होते, पहिल्यासाठी उपाय नाही.

स्क्रू फिरवताना हाताला काय लागतं ते बघा. तो एकसारखा फिरावा, मधे अडकू नये, घसरू नये. केस पूर्ण सैल होतात का आणि काही फेऱ्यांत वाजवण्याइतके ताणतात का, दोन्ही बघा. ताणल्यावर फ्रॉग खूप मागे सरकत असेल तर केस लांब झालेत. फ्रॉग दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. तो डुगडुगत असेल तर अंगठ्याखाली ती हालचाल रोज जाणवत राहते.

मग डोकं. काठीचा हा सर्वांत नाजूक भाग. चोचीच्या मागे, काठी जिथे डोक्यात वळते तिथे, उजेडात फिरवून बघा. केसाएवढी रेघ दिसली आणि ती नखाला लागली, तर तो गज परत ठेवा. तिथली भेग ताण सहन करत नाही.

केसांची पट्टी दोन्ही टोकांना सपाट आणि सारखी पसरलेली हवी. एकमेकांवरून गेलेले, मुरगळलेले केस वाजवताना तारेला तिरके लागतात.

शेवटी वाजवा. मोकळी तार, फ्रॉगपासून टोकापर्यंत एकच लांब गज, मनात 15-20 मात्रा मोजत. काठी मधे थरथरते का? एखाद्या ठिकाणी आवाज आपोआप बारीक होतो का? मग मध्यभागी थोडा जोर द्या. नेहमीच्या जोराने काठी केसांना चिकटत असेल तर ती फार मऊ आहे. अजिबात दबत नसेल, दगडासारखी वाटत असेल, तर ती तारेवर उसळेल आणि नवशिक्याला सांभाळणं जड जाईल. एकदा शिक्षकाला किंवा सोबतच्या माणसाला वाजवायला सांगून तुम्ही चार हात लांब उभे राहून ऐका. कानाजवळचा आवाज आणि खोलीत पसरणारा आवाज वेगळे असतात.

ऑनलाइन मागवला तर?

परत करता येत असेल तरच. खोकं उघडल्यावर त्याच दिवशी वरची तपासणी करा. राळ (तारेवर पकड यावी म्हणून केसांना घासायची वडी) लावायच्या आधी काठी, बाक, स्क्रू आणि डोकं बघून घ्या, राळ लागल्यावर परतीला अडचण येऊ शकते.

किती पैसे ठेवावेत?

जुना ठोकताळा असा की व्हायोलिनच्या किमतीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका खर्च गजावर करावा. व्हायोलिन 12,000 रुपयांची असेल तर गजासाठी 3,000 ते 4,000. एकूण रक्कम ठरलेलीच असेल, तर व्हायोलिन थोडी साधी घेऊन गज चांगला घेणं आम्हाला जास्त पटतं.

गजावर मोठ्या कारागिराचं नाव कोरलंय, चांदीही दिसते. हे खरं मानायचं का?

नावावर जाऊ नका. साध्या कारखानी गजांवर तूर्तसारख्या जुन्या कारागिरांची नावं ठोकायची पद्धत शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. चांदीसारखी चमकणारी कडी बहुधा निकेल सिल्व्हरची असते, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी मुळीच नसते. त्याने आवाजात काही कमी होत नाही, फक्त चांदीचे पैसे देऊ नका.

काठी गोल बरी की अष्टकोनी?

नवशिक्याने यावर वेळ घालवू नये. काठी सरळ आणि तोलदार आहे का, एवढंच बघा.

हिंदुस्थानी संगीत शिकायचंय. गज वेगळा लागतो का?

गज तोच, निवडीचा भर थोडा वेगळा. पं. गजाननबुवा जोशी, पं. व्ही. जी. जोग, पं. डी. के. दातार, डॉ. एन. राजम यांचं व्हायोलिनवादन ऐकलं की गायकी अंगाला, म्हणजे गाण्यासारखं वाजवायच्या शैलीला, काय लागतं ते लक्षात येतं: एका गजात लांबवलेली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), न तुटणारी आस, आणि गजाची दिशा बदलली तरी न जाणवणारा सांधा. यासाठी काठी स्थिर हवी, लांब गजात न थरथरणारी. त्यामुळे वर सांगितलेली लांब गजाची चाचणी तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची.

पाश्चात्त्य पद्धतीत गज तारेवर उसळवून वाजवायचे प्रकार असतात, त्यासाठी काठीचा उसळीचा गुण तपासतात. तुम्हाला सुरुवातीला त्याची गरज नाही. आणखी एक: बरेच हिंदुस्थानी वादक तारा पाश्चात्त्य पट्टीपेक्षा खाली मिळवतात. ढिल्या तारेवर जड गज आवाज दाबून टाकतो, म्हणून 62 ग्रॅमच्या वर जाऊ नका. आणि दुकानातही मांडी घालून, रोज बसता तसंच बसून वाजवून बघा. उभं राहून हलका वाटलेला गज बसल्यावर वेगळा वाटतो.

घरात आजोबांचा सारंगीचा गज आहे. तो चालेल का?

नाही. सारंगीचा गज जड असतो, काठी बाहेरच्या बाजूला वाकलेली असते आणि धरायची पद्धतही उलट, तळहात वर करून. तो सारंगीसाठीच जपून ठेवा.

आजोबांचा व्हायोलिनचाच जुना गज असेल तर?

तर नशीबवान आहात, पण केस नवे बसवल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नका. केसांचं आयुष्य वाजवलं नाही तरी संपतं. डोक्यावरची भेग आणि झिजलेले आटे मात्र आधी तपासा. डोक्याच्या टोकाची पांढरी पट्टी हस्तिदंताची असू शकते. भारतात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, आणि असा गज परदेशी नेताना विमानतळावर जप्त होऊ शकतो. अमेरिकेत किंवा युरोपात शिकायला जाणाऱ्या मुलाच्या सामानात तो न विचारता ठेवू नका.

नवीन गजातून आवाजच येत नाही. बिघडलाय का?

बिघडलेला नाही, त्याला राळ लागलेली नाही. कोरे केस तारेवरून काचेसारखे घसरतात. राळेमुळे केस तारेला क्षणभर पकडतात आणि सोडतात, पुन्हा पकडतात, सेकंदाला शेकडो वेळा. तोच आवाज.

नव्या राळेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो बारीक सँडपेपरने हलका खरवडून घ्या. फ्रॉगच्या कडीने खरवडू नका, वडीचा टवका उडतो. गज ताणून राळेवर फ्रॉगपासून टोकापर्यंत सावकाश फिरवा, पहिल्या वेळी 30-40 वेळा. थोडं वाजवून बघा, घसरत असेल तर आणखी. नंतर मात्र दिवसाआड तीन-चार फेऱ्या पुरतात. वाजवताना पांढरी धूळ उडायला लागली आणि आवाज खरखरीत झाला, तर राळ जास्त झाली. तारांवरची आणि व्हायोलिनच्या पोटावरची पूड रोज सुक्या कपड्याने पुसा, नाहीतर ती व्हार्निशला चिकटून बसते.

फिकट, पिवळसर राळ कडक असते, गडद राळ मऊ आणि चिकट. आपल्या उष्ण आणि दमट हवेत फिकट बरी.

केसांना बोट लावू नका. हाताचं तेल लागलं की तेवढ्या जागेत राळ धरत नाही आणि बरोबर तिथेच आवाज निसटतो.

गज किती ताणायचा?

केस आणि काठी यांच्यात मध्यभागी पेन्सिल जाईल एवढं, म्हणजे सुमारे 7 मिमी अंतर. काठीचा आतला बाक ताणल्यावरही दिसला पाहिजे. काठी सरळ रेघेसारखी दिसायला लागली तर जास्त ताणलीय. वाजवून झालं की दर वेळी सैल करा, अगदी अर्ध्या तासाने पुन्हा वाजवायचं असलं तरी. रात्रभर ताणून ठेवलेली लाकडी काठी हळूहळू बाक सोडते, आणि गेलेला बाक घरी आणता येत नाही.

पावसाळ्यात केस ताणलेच जात नाहीत. का?

दमट हवेत केस लांब होतात आणि कोरड्या हवेत आखडतात. जुलैमध्ये रत्नागिरीत स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही केस ढिले राहतात. तोच गज जानेवारीत नागपूरला नेला तर पूर्ण सैल करूनही ताणलेला राहतो. दुसरी स्थिती जास्त धोक्याची, कारण काठीला आणि डोक्याला विश्रांतीच मिळत नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओल धरल्या की बदला. स्क्रू जोर लावून फिरवू नका, आटे जातील. केस बदलून घेताना कारागिराला ऋतू आणि तुमचं गाव सांगा. पावसाळ्यात बसवताना तो केस किंचित लांब ठेवतो, हिवाळ्यात किंचित आखूड.

केस कधी बदलायचे? तुटलेल्या केसांचं काय करायचं?

रोज तासभर वाजवत असाल तर वर्षातून एकदा. राळ लावूनही पकड येत नसेल, किंवा एका बाजूचे केस लक्षात येण्याइतके कमी झाले असतील, तर त्याआधीच. एकाच बाजूला केस उरले की काठी त्या बाजूला ओढली जाते. तुटलेला केस ओढून काढू नका, आतली गाठ ढिली होते. दोन्ही टोकांशी कात्रीने कापा. अगदी स्वस्त गजाला केस बसवायची मजुरी गजाच्या किमतीजवळ जाते, तेव्हा नवीन घेणं शहाणपणाचं.

न वाजवताच पेटीत चार-पाच केस कापल्यासारखे सुटलेले दिसले, तर ती कीड आहे. बारीक भुंग्याच्या अळ्या घोड्याचे केस खातात आणि त्यांना अंधारी, बंद, न हलवलेली पेटी आवडते. व्हायोलिन आणि गज बाहेर काढा, रिकामी पेटी व्हॅक्यूम क्लीनरने कोपऱ्याकोपऱ्यातून साफ करा आणि उघडी ठेवून दोन दिवस कडक उन्हात द्या. मग गजाचे सगळे केस बदलून घ्या. थोडे काढून थोडे ठेवले तर कीड पुन्हा येते.